पाच मिलिमीटरचं अंतर

चंदीगडचा सेक्टर ३२ विद्यार्थ्यांनी भरलेला आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय इथे आहे, सनातन धर्म कॉलेज इथे आहे, आणि आसपासच्या घरांमध्ये बाहेरगावची मुलंमुली ‘पीजी’ म्हणून राहतात. २२ फेब्रुवारी २०२० च्या दुपारी सेक्टर ३२-डी मधल्या मुलींच्या अशाच एका पीजीला आग लागली आणि तीन तरुणींचा मृत्यू झाला. त्या पीजीची प्रशासनाकडे नोंदणी नव्हती. घरात तात्पुरत्या, पटकन पेटणाऱ्या भिंती घालून खोल्या वाढवलेल्या होत्या. आग कुठून सुरू झाली याबद्दल प्राथमिक तपासात पुढे आलेली गोष्ट मात्र अगदी रोजची होती. चार्जिंगला लावलेला एक लॅपटॉप.

या दुर्घटनेचा दोष एका चार्जरवर टाकून मोकळं होता येणार नाही. भिंती न पेटणाऱ्या हव्या होत्या, धूर भरल्यावर बाहेर पडायला वाट हवी होती, घर कुणीतरी तपासलेलं हवं होतं. पण विजेवर चालणारी एखादी वस्तू स्वतः बनवून विकायचा विचार करणाऱ्याने हे घर डोळ्यांसमोर ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. आपली वस्तू कुठे जाणार हे बनवणाऱ्याच्या हातात नसतं. ती गादीवर ठेवली जाईल, तिच्यावर ओला टॉवेल पडेल, ती चालू ठेवून मालक कामाला निघून जाईल आणि पलीकडच्या खोलीत कुणीतरी झोपलेलं असेल. सुरक्षा प्रमाणपत्राची सगळी यंत्रणा त्या झोपलेल्या माणसासाठी उभी केलेली आहे.

हे समजून घेण्यासाठी एक ओळखीचं यंत्र घेऊ. पाण्याच्या टाकीची पातळी ओळखून पंप आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर महाराष्ट्रात सोसायट्यांपासून बंगल्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. डिप्लोमाच्या मुलांनी आणि हौशी वायरमननी तो हजारदा बनवलेला आहे. टाकीत तीन-चार तारा सोडायच्या. पाणी तारेला लागलं की सर्किटला कळतं, सर्किट रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, ओढतं आणि रिलेमधून पंपाची वीज चालू किंवा बंद होते. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत एका फेरीत मिळतं. पहिला नमुना चालू झाला की शेजारी म्हणतात, ‘आम्हालाही एक करून द्या,’ आणि तिथून धंद्याचा विचार सुरू होतो.

आता त्या डब्याच्या आत पाहू. बोर्डाला पाच किंवा बारा व्होल्ट लागतात, भिंतीत २३० व्होल्ट आहेत. सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मेनच्या तारेत एक कपॅसिटर घालून प्रवाह मर्यादित करायचा आणि पुढे डायोड आणि झेनर लावायचे. ट्रान्सफॉर्मर लागत नाही, जागा वाचते, खर्च जवळजवळ नसतो. मल्टिमीटर बरोबर पाच व्होल्ट दाखवतो. पण हे पाच व्होल्ट मेनच्याच एका तारेला बांधलेले असतात. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, किंवा घराच्या वायरिंगमध्ये फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, तर बोर्डाचं ‘ग्राउंड’ जमिनीच्या तुलनेत २३० व्होल्टवर जाऊन बसतं. आणि त्याच ग्राउंडची तार टाकीतल्या पाण्यात बुडालेली असते. टाकीचं पाणी खाली न्हाणीघरात येतं.

असा कंट्रोलर वर्षभर बिनतक्रार चालू शकतो. म्हणूनच तो धोकादायक आहे. ‘इतके दिवस चालतोय, काही झालं नाही’ या अनुभवाला सुरक्षेच्या शास्त्रात किंमत नाही. तिथे प्रश्न वेगळा विचारला जातो. यातला कोणताही एक भाग बिघडला, कोणतीही एक तार उलटी लागली, तर वापरणाऱ्याच्या शरीरापर्यंत वीज पोचेल का? उत्तर ‘हो’ असेल, तर यंत्र कितीही छान चालत असलं तरी ते अपुरं आहे. मानकांमध्ये एका संरक्षणावर भिस्त ठेवत नाहीत. मूळ विद्युतरोधन, त्याच्या मागे दुसरं, किंवा त्या दोघांइतकं भक्कम असं एकच दृढ विद्युतरोधन, म्हणजे एक ढासळलं तरी माणूस आणि मेन यांच्यामध्ये काहीतरी उरलं पाहिजे.

हे ‘काहीतरी’ मोजता येतं. सर्किट बोर्डवर मेनचा भाग आणि माणसाचा हात लागू शकेल असा कमी व्होल्टचा भाग, या दोघांमध्ये दोन अंतरं पाहिली जातात. एक हवेतून सरळ, आणि दुसरं बोर्डाच्या पृष्ठभागावरून सरपटत जाणारं. हवेतलं अंतर ठिणगी उडी मारू नये म्हणून, आणि पृष्ठभागावरचं अंतर धूळ व ओलावा साचून वीज हळूहळू वाट करू नये म्हणून. माहिती तंत्रज्ञानाच्या उपकरणांसाठी भारतात वर्षानुवर्षं वापरलेलं मानक आयएस १३२५२ आहे. ते आयईसी ६०९५०-१ या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. २५० व्होल्टपर्यंतचा मेन, घरातली नेहमीची धूळ आणि नेहमीचा बोर्ड धरला, तर दृढ विद्युतरोधनासाठी हवेतून ४ मिलिमीटर आणि पृष्ठभागावरून ५ मिलिमीटर अंतर लागतं. नखाच्या रुंदीच्या आतलं हे अंतर आहे, आणि घरगुती बोर्डांमध्ये सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच. बाजारात सर्रास मिळणाऱ्या निळ्या चौकोनी रिलेच्या रचनेत कॉइलचे दोन पाय आणि मेनचा सामायिक पाय एकाच टोकाला येतात. सोल्डरिंग सोपं व्हावं म्हणून पॅड मोठे काढले, किंवा ऑप्टोकपलरच्या, म्हणजे दोन बाजू फक्त प्रकाशाने जोडणाऱ्या भागाच्या, पोटाखालून जागा दिसली म्हणून एखादी ट्रॅक नेली, की रिलेच्या किंवा ऑप्टोकपलरच्या माहितीपत्रकातलं रोधन कागदावरच राहतं. जागा अगदीच कमी असेल तर बोर्डाला मध्ये खाच पाडतात, म्हणजे पृष्ठभागावरून येणाऱ्या विजेला वळसा घालावा लागतो.

आपल्याकडे या अंतराला आणखी शत्रू आहेत. स्विचबोर्डात पाल शिरते, मुंग्या घर करतात, कोकणात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना पाणी सुटतं. मानक लिहिणाऱ्यांनी दमट हवेचा विचार केलेला आहे. विद्युतरोधनाची चाचणी घेण्याआधी यंत्र ओलसर हवेच्या कपाटात ठेवतात. सौम्य हवामानासाठी ४८ तास पुरतात, पण उष्ण-दमट प्रदेशात विकायच्या वस्तूसाठी ४० अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ९३ टक्के आर्द्रता यांत १२० तास. मग लगेच दृढ विद्युतरोधनावर ३००० व्होल्ट एक मिनिट लावून धरतात. मालवणच्या घरातली आषाढातली भिंत प्रयोगशाळेत आणायचा हा प्रामाणिक प्रयत्न आहे.

विजेच्या सुरक्षेची ही शिस्त आली आगीच्या भीतीतूनच. शिकागोत १८९३ साली जागतिक प्रदर्शन भरलं तेव्हा विजेचे दिवे नवे होते आणि त्यांच्यामुळे विमा कंपन्यांचा जीव टांगणीला लागलेला होता. विल्यम हेन्री मेरिल या तरुण विद्युत अभियंत्याला तिथला धोका तपासायला बोलावलं गेलं. त्या कामातून १८९४ साली विमा कंपन्यांच्या आधाराने एक छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. ती पुढे अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे ‘यूएल’ झाली. चार्जरच्या खोक्यावर दिसणारं ते यूएलचं वर्तुळ तिथून आलेलं आहे. भारतात इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनची स्थापना १९४७ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी झाली, आणि आयएसआय हे तिचं चिन्ह घराघरात पोचलं. १९८७ साली संस्थेचं रूपांतर भारतीय मानक ब्यूरोत, म्हणजे बीआयएसमध्ये झालं. सध्याचा कायदा २०१६ चा.

छोट्या उद्योजकाला इथे पहिला प्रश्न पडतो, की माझ्या वस्तूला प्रमाणपत्र सक्तीचं आहे का? उत्तर यादीत आहे. केंद्र सरकारने २०१२ साली इलेक्ट्रॉनिक आणि माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. तो २०१३ पासून लागू झाला आणि त्यात सुरुवातीला १५ प्रकारच्या वस्तू होत्या. लॅपटॉप, मोठे टीव्ही, प्रिंटर, सेट-टॉप बॉक्स, वायरलेस कीबोर्ड यांच्या रांगेत तिथे एक साधी वस्तूही होती, मेनवर चालणारं इलेक्ट्रॉनिक घड्याळ. म्हणजे कुणी हौसेने लाल आकड्यांचं भिंतीवरचं घड्याळ बनवून देवळांना किंवा शाळांना विकायला लागला, तर तो पहिल्याच यादीत सापडतो. पुढे यादी वाढत गेली. अ‍ॅडॉप्टर, पॉवर बँक, मोबाइल, बॅटऱ्या आणि एलईडी दिवे आले, मग सीसीटीव्ही कॅमेरे आणि एलईडीच्या माळा आल्या, नंतर ब्लूटूथ स्पीकर आणि इंडक्शन शेगडी. गणपतीच्या आधी घरी एलईडीच्या माळा जोडून विकणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना आपली माळ या यादीत आहे हे माहीत असतं, असा प्रश्न मला दर भाद्रपदात पडतो.

नोंदणीची ही योजना आणि आयएसआय चिन्ह यांत फरक आहे, आणि तो समजला की अर्धा गोंधळ जातो. आयएसआय चिन्ह देण्याआधी बीआयएसचे अधिकारी कारखाना पाहतात. तिथली तपासणीची सोय, नोंदी, माणसं हे सगळं त्यांना दाखवावं लागतं. इस्त्री, गिझर, पाणी तापवायचा रॉड, वायर, स्विच अशा वस्तू या वाटेने जातात. नोंदणीच्या योजनेत आधी कारखान्याची पाहणी नसते. बीआयएसने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत नमुना तपासायचा, तिथला अहवाल ९० दिवसांच्या आत अर्जाला जोडायचा, आणि ‘मी यापुढे याच प्रतीचा माल काढेन’ असं स्वतः लिहून द्यायचं. मग ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. तो वस्तूवर छापावा लागतो. नोंदणी वस्तूच्या प्रकाराला, ब्रँडला आणि कारखान्याच्या पत्त्याला बांधलेली असते. तळेगावात मिळालेला क्रमांक चाकणच्या दुसऱ्या शेडमध्ये काढलेल्या मालावर छापता येत नाही. बीआयएस नंतर बाजारातून माल उचलून तपासू शकते. सक्तीच्या वस्तूवर चिन्ह नसताना ती विकली, तर २०१६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २ लाख रुपये दंड लिहिलेला आहे.

आपला टाकीचा कंट्रोलर त्या यादीत स्वतंत्र वस्तू म्हणून नाही. त्याच्यासाठी स्वयंचलित नियंत्रकांचं आयईसी ६०७३० हे मानक आहे. त्याच्या मालिकेत पाण्याची पातळी ओळखणाऱ्या नियंत्रकांचा वेगळा भागही आहे. पण त्याच्याबरोबर दिला जाणारा अ‍ॅडॉप्टर यादीत आहे. आणि मोबाइलवरून पंप चालवता यावा म्हणून बोर्डावर वाय-फाय घातलं, की दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा चित्रात येते. तिथून उपकरणाच्या प्रकाराची मान्यता घ्यावी लागते. वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तो २००५ पासून परवान्यातून मोकळा आहे, पण मोकळा पट्टा आणि मान्यता असलेलं उपकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधीच मान्यता मिळालेलं मॉड्यूल घेतलं तर हे काम बरंच सोपं होतं. स्वतः अँटेना काढत बसण्याची हौस पहिल्या उत्पादनात करू नये.

‘सीई’ या चिन्हाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण त्याच्यावर विसंबून बरेच जण फसतात. सीई हे युरोपच्या कायद्याचं चिन्ह आहे. बहुतेक साध्या विद्युत वस्तूंवर ते निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर छापतो. ऑनलाइन मागवलेल्या पॉवर मॉड्यूलवर सीई आहे, एवढ्यावर भारतात कोणतीच कायदेशीर गरज भागत नाही, आणि ते कुणी स्वतंत्रपणे तपासलंय असाही त्याचा अर्थ होत नाही.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतात हे कळलं की डिझाइनच बदलतं, म्हणून ते थोडं सविस्तर पाहू. पहिलं हत्यार एक कृत्रिम बोट असतं. धातूचं, १२ मिलिमीटर जाडीचं, ८० मिलिमीटर लांब आणि माणसाच्या बोटासारखं सांध्यांमध्ये वळणारं. डब्याच्या प्रत्येक फटीत ते घालून पाहतात. आत ते धोकादायक भागाला टेकलं तर यंत्र तिथेच नापास. मग वस्तू हातातून पडते तशी पाडतात, थेट भिंतीत बसणाऱ्या किंवा हातात धरायच्या वस्तूला एक मीटर उंचीवरून, टेबलावरच्याला ७५ सेंटिमीटरवरून, तीन वेळा. डबा फुटून आतली तार उघडी पडली नाही हे पाहायचं असतं. यंत्र नंतर चाललं पाहिजे अशी अट नाही. सुरक्षेची चाचणी आणि दर्जाची चाचणी यांतला फरक इथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. यंत्र मेलं तरी चालेल, पण मरताना त्याने कुणाला इजा करता कामा नये.

वर लावलेलं लेबलही तपासतात. पाण्याने भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद आणि पेट्रोलजन्य द्रावकाने भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद घासल्यावर व्होल्टेज, करंट आणि निर्मात्याचं नाव वाचता आलं पाहिजे. घरगुती प्रिंटरवर छापलेली चिकटपट्टी इथे हमखास जाते. डब्याचं प्लास्टिकही तपासलं जातं. ज्योत लावून काढल्यावर ते किती सेकंदांत आपोआप विझतं, त्यातून पेटते थेंब गळतात का, यावरून त्याला दर्जा देतात. ‘व्ही-०’ दर्जाचं प्लास्टिक प्रत्येक वेळी ज्योत बाजूला घेतल्यावर दहा सेकंदांत विझतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला सुंदर डबा बहुतेक वेळा अशा प्लास्टिकचा नसतो. नमुना दाखवायला तो ठीक आहे, २३० व्होल्ट आत ठेवून विकायला नाही.

मग येतो माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग, मुद्दाम बिघाड करण्याचा. अभियंते सर्किटचे नकाशे समोर ठेवून बसतात आणि एकेक भाग शॉर्ट करतात किंवा तोडतात. डायोड शॉर्ट केला तर? कपॅसिटर? हवेची छिद्रं बंद केली तर? आउटपुटवर जास्तीत जास्त भार टाकून सोडून दिलं तर? यंत्र जाळीदार सुती कापडात गुंडाळतात आणि ते काळवंडतं, पेटतं का हे बघत बसतात. आपल्या कंट्रोलरमध्ये इथे रिले पकडला जाईल. त्याच्यावर ‘१० अँपिअर’ लिहिलेलं असतं, पण तो आकडा हीटरसारख्या साध्या भारासाठी असतो. पंपाची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. संपर्क ठिणगीने वितळून एकमेकांना चिकटले, की सर्किटने ‘बंद’ म्हटलं तरी पंप चालू राहतो, टाकी वाहते किंवा पंप कोरडा फिरून तापतो. टाकीखालच्या कोंदट खोलीत तापणारी मोटर आणि बाजूला भरलेलं भंगार, हे दृश्य कुणीही पाहिलेलं असेल.

याच कसोट्यांमुळे काही भागांवर कधीही तडजोड करता येत नाही. चार्जर-अ‍ॅडॉप्टरमधल्या स्विच-मोड पुरवठ्यात मेनच्या बाजूकडून कमी व्होल्टच्या बाजूकडे एक निळसर चकतीसारखा कपॅसिटर पूल बांधून बसलेला असतो. तो शॉर्ट झाला तर मेन थेट यूएसबीच्या टोकावर येतो. म्हणून तिथे ‘वाय’ वर्गाचाच कपॅसिटर लागतो. वाय-१ वर्गाला ८००० व्होल्टचे झटके सहन करावे लागतात. तशाच रंगाचा, तशाच आकाराचा साधा उच्च-व्होल्ट कपॅसिटर काही रुपयांनी स्वस्त मिळतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपवर चार्जिंगच्या वेळी हात फिरवला की कधीकधी झिणझिण्या येतात, त्या याच कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या प्रवाहाच्या. अशा अर्थिंग नसलेल्या उपकरणात तो ०.२५ मिलिअँपिअरच्या आत ठेवावा लागतो.

आता दिशा बदललेली आहे. ध्वनी-चित्र आणि माहिती तंत्रज्ञान या दोन्हींसाठीच्या जुन्या मानकांची जागा आयईसी ६२३६८-१ घेत आहे. त्याची पहिली आवृत्ती २०१० साली आली. त्यात प्रत्येक यंत्र ‘ऊर्जेचा स्रोत, मधलं संरक्षण आणि माणूस’ असं वाचलं जातं. स्रोत किती घातक आहे यावर संरक्षण किती लागेल ते ठरतं. यातली एक मर्यादा घरी बनवणाऱ्याने लक्षात ठेवावी. बिघाडातही १५ वॉटच्या पुढे जाऊ न शकणारा पुरवठा आग लावण्याच्या दृष्टीने सगळ्यात सौम्य वर्गात धरला जातो.

यातूनच पहिल्यांदा उत्पादन काढणाऱ्यासाठी माझा सल्ला तयार होतो. मेन शक्य तितका स्वतःच्या डब्याबाहेर ठेवा. नोंदणी क्रमांक असलेला तयार अ‍ॅडॉप्टर वापरा, म्हणजे तुमच्या बोर्डावर १२ व्होल्टपेक्षा जास्त काही येणारच नाही. पंपाला थेट रिलेने हात लावू नका. तुमचा रिले फक्त कमी व्होल्टच्या कॉइलचा एक काँटॅक्टर, म्हणजे मोठा रिले, ओढू दे, आणि तो काँटॅक्टर नामांकित, मोटरच्या भाराची क्षमता असलेला, वेगळ्या डब्यात, परवानाधारक वायरमनने बसवलेला असू दे. टाकीतल्या तारा मग मेनपासून दोन पायऱ्या लांब जातात. खर्च वाढतो, डबे दोन होतात, ‘एकाच डब्यात सगळं’ ही जाहिरात करता येत नाही. मला तरी हा सौदा योग्य वाटतो.

लिथियम बॅटरी वापरायची असेल तर काटेकोरपणा आणखी वाढवा. भारतात सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ लागू आहे. त्यात बाहेरून शॉर्ट करणं, चिरडणं, जास्त चार्ज करणं, भट्टीत तापवणं अशा चाचण्या आहेत. वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांची ३८.३ ही वेगळी चाचणीमालिका आहे. कंपन, धक्का आणि विमानातल्या कमी दाबाचाही त्यात समावेश आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल विकायच्या वस्तूत घालू नयेत. त्यांचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो, आणि ती वस्तू सेक्टर ३२ सारख्या एखाद्या दाटीच्या खोलीत कुणाच्या तरी उशाशी असेल.

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम संपलं असंही नसतं. अहवालाला महत्त्वाच्या भागांची यादी जोडलेली असते, प्रत्येक भागाचा निर्माता आणि मॉडेल क्रमांक यांसह. दुकानदार म्हणतो, ‘त्या कंपनीचा कपॅसिटर संपलाय, हा घ्या, सेम आहे.’ तो घेतला त्या क्षणी तुमची वस्तू आणि तुमचा अहवाल एकमेकांपासून वेगळे होतात. नमुना आणि उत्पादन यांतलं अंतर किती महाग पडतं हे २०१६ साली जगाने पाहिलं. सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ हा फोन सगळी प्रमाणपत्रं घेऊन बाजारात आला आणि तरीही पेटू लागला. कंपनीला तो परत मागवून शेवटी बंद करावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जाहीर केलेल्या तपासात दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटरींमध्ये दोन वेगवेगळे दोष सापडले. छोट्या उद्योजकाकडे ती तपासयंत्रणा नसते, पण प्रत्येक नगावर विद्युतरोधनाची उच्च-व्होल्ट चाचणी घेण्याचं यंत्र असू शकतं आणि असायलाच हवं. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणाऱ्याकडे भरपाई मागता येते, ती वस्तू सक्तीच्या यादीत असो वा नसो.

चंदीगडच्या विद्यार्थ्याला यासाठी लांब जावं लागत नाही. बीआयएसची उत्तर विभागाची प्रयोगशाळा आणि केंद्र सरकारचं इलेक्ट्रॉनिक चाचणी व विकास केंद्र शेजारच्या मोहालीत आहेत. केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटना सेक्टर ३० मध्ये, अगदी जवळ. महाराष्ट्रातल्या माणसाला मुंबईत अंधेरीला पश्चिम विभागाची सरकारी इलेक्ट्रॉनिक चाचणी प्रयोगशाळा आहे, पुण्यात आणि गोव्यात चाचणी व विकास केंद्रं आहेत. बीआयएसच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळांची यादी मिळते. बहुतेक लोक तिथे शेवटी जातात, शंभर बोर्ड छापून, डबे आणून, दुकानांना तारीख देऊन झाल्यावर. मग पाच मिलिमीटरच्या जागी साडेतीन निघतात आणि शंभरच्या शंभर बोर्ड वाया जातात, किंवा त्याहून वाईट, ते तसेच विकले जातात.

तुम्ही असं काही बनवत असाल तर क्रम उलटा करा. बोर्डाचा नकाशा कागदावर असतानाच मेन आणि कमी व्होल्ट यांच्यामध्ये एक जाड रेघ ओढा, तिच्यावर पट्टी ठेवून अंतर मोजा, महत्त्वाच्या भागांची यादी आणि त्यांची प्रमाणपत्रं फाइलला लावा, आणि तो कागद घेऊन प्रयोगशाळेत जा. बोर्ड छापायची ऑर्डर त्यानंतर द्या.